किल्ली कोणापाशी? परवलीच्या शब्दाचा एक मराठी इतिहास

‘पासवर्ड’ला मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्यांनी ‘परवलीचा शब्द’ हा जुना प्रयोग उचलला. हा प्रयोग दिसायला अगदी घरचा आहे; पण त्यातील ‘परवल’ बाहेरून आलेली आहे. फ्रेंच आणि इंग्रजीतील ‘परोल’ या शब्दाशी तिचे नाते सांगितले जाते. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘शब्द’, ‘दिलेला शब्द’, ‘वचन’ असा होतो. युरोपीय पद्धतीच्या फौजांत रात्रीच्या पहाऱ्यासाठी जो खुणेचा शब्द ठरवून दिला जाई, त्यालाही हेच नाव होते. वचनावर तात्पुरता सुटणारा कैदी ज्या ‘पॅरोल’वर बाहेर येतो, तोही याच कुळातला. हे नाते मान्य केले, तर ‘परवलीचा शब्द’ म्हणजे ‘शब्दाचा शब्द’ झाला; ‘पावरोटी’त ‘पाव’ आणि ‘रोटी’ या दोन्ही पदांचा अर्थ एकच असावा, तसा.

या व्युत्पत्तीत रमण्याचे कारण केवळ भाषिक नाही. पहाऱ्यावरच्या परवलीचा एक गुण तिच्या आजच्या वारसाने गमावला आहे. परवल एका रात्रीची असे. ती छावणीतल्या अनेकांना ठाऊक असे आणि सकाळी निरुपयोगी होई. त्यामुळे ती लिहून ठेवण्याचा, जपण्याचा, पुढे कोणाला देण्याचा प्रश्नच नव्हता. आजचा परवलीचा शब्द नेमका उलट आहे. तो एकट्याचा असतो, वर्षानुवर्षे चालतो, आणि एकेका माणसापाशी असे पन्नास-पन्नास शब्द असतात: बँकेचा, विजेच्या बिलाचा, आयकराचा, भविष्यनिर्वाह निधीचा, टपालपेटीचा. साहजिकच तो कुठे ठेवायचा, हा प्रश्न उभा राहतो. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात याचे उत्तर बहुधा विमा कंपनीकडून भेट आलेल्या एखाद्या जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर सापडते.

या डायरीला हसण्याची पद्धत आहे. पण गुपित कसे राखावे, याचा विचार मराठी समाजाने संगणकाच्या कितीतरी आधी, राज्यकारभारात आणि ग्रंथव्यवहारात केला आहे. तो विचार तपासला की एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक गुपिताला दोन भये असतात: ते नको त्या हाती पडेल हे एक, आणि ते कोणाच्याच हाती उरणार नाही हे दुसरे. पहिल्या भयाविषयी आज पुष्कळ बोलले जाते. दुसऱ्याविषयी जवळजवळ कोणीच बोलत नाही, आणि साहित्याच्या अभ्यासकांचे खरे नुकसान त्या दुसऱ्यातूनच होणार आहे.

प्रारंभ गडापासून करू. शिवकालीन गडाची व्यवस्था सभासदाने आपल्या बखरीत सांगितली आहे. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे अधिकारी एका योग्यतेचे असत, त्यांनी मिळून कारभार करायचा, आणि माणसेही वेगवेगळ्या जातींतली नेमायची, असा तिचा आशय आहे. कारण उघड आहे. एकट्याच्या हाती गड असेल, तर त्या एकट्याला फोडून गड घेता येतो. तिघांत सत्ता वाटली, की तिघांना फोडावे लागते आणि त्या खटपटीत बोभाटा होतो. इथे विश्वास माणसाच्या सचोटीवर टाकलेला नाही, रचनेवर टाकलेला आहे. १९७९ मध्ये आदि शामीर या गणितज्ञाने गुपिताचे तुकडे करून ते अनेकांत वाटण्याची रीत मांडली. तीत ठरलेल्या संख्येइतके तुकडे एकत्र आल्याखेरीज गुपित उलगडत नाही. गडाची व्यवस्था गणिताची नव्हती, पण शंका तीच होती.

या रचनेला आणखी एक बाजू आहे. तिघांपैकी एक पडला, आजारी झाला, कैद झाला, तरी गड अडून राहत नसे. अधिकार वाटल्यामुळे तो सुरक्षित राहिला आणि टिकलाही. दोन्ही भयांचे उत्तर एकाच व्यवस्थेत होते. आज घरातल्या सर्व खात्यांचे शब्द एकट्या कर्त्या पुरुषाच्या किंवा एकट्या हुशार मुलीच्या फोनमध्ये असतात, तेव्हा आपण हवालदाराच्या एकट्याच्या हाती गड दिलेला असतो.

गडाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या कागदाची राखण मुद्रेने केली. मराठी पत्राच्या आरंभी शिक्का असे आणि अखेरीस मोर्तब. शिक्का सांगे की हे कोणाचे म्हणणे आहे. मोर्तब सांगे की ते म्हणणे इथे संपले, यापुढे कोणी काही लिहिले तर ते आमचे नव्हे. ‘शिक्कामोर्तब’ हा सामासिक शब्द आपण आज सहज वापरतो, पण त्यात सुरक्षिततेच्या दोन वेगळ्या कल्पना जोडलेल्या आहेत: बोलणाऱ्याची ओळख आणि बोलण्याची मर्यादा. या दोहोंच्या मधला मजकूर मात्र उघडा राही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यानंतर ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा रूढ झाली. धरावे असा हुकूम होता, तो एका अक्षराने मारावे असा झाला, असे ती कथा सांगते. तिला विश्वसनीय पुरावा नाही. तरीही ती अडीचशे वर्षे टिकली, कारण शिक्का खरा असला तरी आतले अक्षर बदलता येते, ही भीती लोकांना पटण्यासारखी होती. भाषेच्या अभ्यासकाला तर ती विशेषच पटावी.

मुद्रा कागदाची ओळख पटवते. माणसाची ओळख पटवायची वेळ येते तेव्हा काय करावे, हा प्रश्न पुण्याला पानिपतानंतर पडला. १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामानंतर सदाशिवरावभाऊ परतले नाहीत आणि त्यांच्या शेवटाविषयीचा संशयही पुरता फिटला नाही. त्या संशयाच्या फटीतून एक माणूस पुढे आला आणि आपणच भाऊ, असे सांगू लागला. सुखनिधान नावाचा हा कनोजी ब्राह्मण पकडला गेला, रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत राहिला, तिथून सुटला, कोकणात त्याने फौज आणि गड जमवले. अखेर तो पुन्हा पकडला गेला आणि १७७६ च्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले.

या प्रकरणाकडे बहुधा राजकीय कारस्थान म्हणून पाहिले जाते. पण त्याच्या मुळाशी ओळख पटवण्याचा प्रश्न आहे. चेहरा, अंगावरच्या खुणा, आणि घरच्या माणसांखेरीज कोणाला ठाऊक नसलेल्या गोष्टी, एवढीच साधने त्या काळी हाताशी होती. चेहरा सारखा असू शकतो; खुणा उमटवता येतात; घरातल्या गोष्टी घरातलाच कोणी बाहेर सांगू शकतो. संगणकाच्या परिभाषेत आज जी तीन साधने सांगतात, म्हणजे माणसाला जे ठाऊक आहे, त्याच्यापाशी जे आहे आणि तो जो आहे, त्यांच्या मर्यादा तोतयाने तेव्हाच दाखवून दिल्या होत्या. आजही काही संकेतस्थळे ओळख पटवण्यासाठी आईचे माहेरचे आडनाव विचारतात. ज्या समाजात लग्नपत्रिकेवर आजोळ छापले जाते आणि मामाच्या नावाने आहेर पुकारले जातात, तिथे हे गुपित कसले? त्या प्रश्नाला खरे उत्तर देण्याचे बंधन नाही, एवढे ठाऊक असलेले बरे. तिथे काहीतरी भलतेच लिहावे आणि ते भलतेच नोंदवून ठेवावे.

इथवरची उदाहरणे राज्यकारभारातली झाली. साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून जवळचे आणि याहून मोठे उदाहरण महानुभाव पंथाचे आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी रिद्धपूरला चक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे यवनी आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, आणि ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा लिहून काढावा लागला, असे पंथाची परंपरा सांगते. हिराइसेचे नाव त्यात आदराने घेतले जाते. तिच्या स्मरणातून उतरलेला पाठ ‘हिराइसा पाठ’ म्हणून ओळखला जातो. मूळ प्रत गेल्यावर दुसरीकडे ठेवलेल्या प्रतीवरून ती पुन्हा उभी करणे, याला संगणकवाले ‘बॅकअप’ म्हणतात. महानुभावांचा बॅकअप एका स्त्रीच्या स्मरणात होता. त्याची किंमतही मोजावी लागली. स्मरणे अनेक, म्हणून पाठही अनेक. आणि आज संपादकांपुढे पाठभेदांचा जो गुंता आहे, त्याचे एक मूळ तिथे आहे.

या अनुभवानंतरच्या काळात पंथाने ग्रंथरक्षणाचा दुसरा मार्ग धरला. सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या तयार झाल्या. सकळ लिपीचे कर्तृत्व रवळोव्यासांकडे दिले जाते. तिचे तत्त्व सोपे होते: एका अक्षरासाठी दुसरे अक्षर, काही ठिकाणी खास चिन्हे. पोथी डोळ्यांसमोर असूनही अनधिकारी वाचकाला तिचा अर्थ लागू नये, हा हेतू. पंथ जसा उत्तरेकडे पंजाबापर्यंत आणि त्याही पलीकडे पसरला, तशा या लिपीतल्या मराठी पोथ्या तिकडेही गेल्या. परिणाम असा, की मराठीतला सर्वांत जुना आणि सर्वांत जिवंत गद्यसंग्रह सहाशे वर्षे मराठी वाचकाच्या दृष्टीने जणू नव्हताच. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. वि. ल. भाव्यांसारख्या अभ्यासकांनी हे वाङ्मय मराठी वाचकांपुढे आणले आणि पंथातल्या महंतांचे साहाय्यही मिळत गेले. तेव्हा मराठी गद्याच्या इतिहासाचे पहिले प्रकरण नव्याने लिहावे लागले. वि. भि. कोलत्यांची ‘लीळाचरित्रा’ची आवृत्ती तर १९७८ मधली.

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. बाहेरच्यांना बंद असलेल्या या पोथ्या आतल्यांना कधीच बंद नव्हत्या. गुरूकडून शिष्याकडे लिपीची किल्ली जात राहिली, म्हणून पोथी वाचली जात राहिली, आणि वाचली जात राहिली म्हणून नकलून घेतली गेली. कुलूप इतकी शतके टिकले, कारण किल्ली पुढे देण्याची रीत टिकली.

याच्या उलट उदाहरण पुण्यातच आहे. पेशवे दप्तरातले हजारो रुमाल मोडी कागदांनी भरलेले आहेत. मोडी ही गुप्त लिपी नव्हती. ती कारकुनाची, सावकाराची, कुळकर्ण्याची, रोजच्या धावपळीची लिपी होती. तिला कोणी कुलूप घातले नव्हते. पण विसाव्या शतकात तिचा कारभारातला आणि शाळेतला उपयोग थांबला आणि दोन-तीन पिढ्यांत ती सर्वसामान्य मराठी माणसाला अगम्य झाली. गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत या दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, पण ते निवडकच. घरात पणजोबांच्या जमिनीचा कागद असतो, अक्षर स्वच्छ असते, शाई काळीभोर असते, आणि घरातल्या एकालाही तो वाचता येत नाही. जी लिपी लपवली ती राहिली; जी उघडी होती ती बंद झाली. कुलपापेक्षा वारसा महत्त्वाचा असतो, हे याहून स्पष्टपणे दाखवणारा पुरावा मिळणे कठीण.

हे लक्षात ठेवून संगणकाच्या परवलीकडे वळले, की तिच्या इतिहासातले वळण नीट समजते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ मध्ये फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल, अशी व्यवस्था केली. प्रत्येकाचे काम प्रत्येकापुरते राहावे, म्हणून प्रत्येकाला एक शब्द दिला. हे सगळे शब्द एका यादीत साठवले होते. १९६२ मध्ये ॲलन शेर या विद्यार्थ्याने संगणकावर अधिक वेळ मिळावा म्हणून ती यादीच छापून घेतली. पुढे १९६६ मध्ये दोन फायलींची अदलाबदल झाली आणि सर्वांना दिसायच्या दैनिक सूचनेच्या जागी सर्वांचे परवलीचे शब्द झळकले. गुपिते एकाच रुमालात बांधून ठेवली की काय होते, याचा धडा पहिल्या पाच वर्षांतच मिळाला होता.

त्यावरचा उपाय १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी आपल्या निबंधात सविस्तर मांडला. शब्द साठवूच नये. त्याचे पीठ साठवावे. जात्यातून दाणा गेला की पीठ होते, पिठाचा पुन्हा दाणा होत नाही. तुम्ही पुढच्या वेळी शब्द टाकला की संगणक तो पुन्हा दळतो आणि आधीच्या पिठाशी ताडून पाहतो. दोघांनी एकच शब्द निवडला तरी पीठ निराळे व्हावे, म्हणून दळताना प्रत्येकात वेगळी चिमूट घालतात. तिला त्या शास्त्रात ‘मीठ’च म्हणतात. म्हणूनच नेटके चालवलेले संकेतस्थळ तुम्ही विसरलेला शब्द तुम्हाला सांगू शकत नाही. ते फक्त नवा घेऊ देते. जे संकेतस्थळ जुना शब्द जसाच्या तसा कळवते, ते दाणे साठवते आहे, असे खुशाल समजावे. जतनाच्या दृष्टीने मात्र या उपायाचा अर्थ गंभीर आहे. आता शब्द मूळ रूपात सांगू शकणारे कोणी असेल, तर ते धनी स्वतः. दप्तराने आपली जबाबदारी काढून घेतली आणि ती सगळी तुमच्या-आमच्या स्मरणावर किंवा डायरीवर आली.

स्मरण पुरेसे असते का? पुण्याने याचे एक विपरीत उदाहरण पाहिले आहे. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातील एम्फसिसच्या कॉल सेंटरशी संबंधित काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकी खातेदारांकडून बोलण्याच्या ओघात त्यांचे गुप्त क्रमांक काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या बनावट खात्यांवर वळवल्याचे उघडकीस आले. अशा कचेरीत कागद-पेन्सिल आत नेऊ देत नसत. बातम्यांनी सांगितले ते असे, की क्रमांक पाठ करून बाहेर नेले गेले. हिराइसेच्या स्मरणाने ग्रंथ वाचवला, या स्मरणाने खाती रिकामी केली. कागद बाहेर जाऊ नये म्हणून झडती घेणाऱ्यांना, पाठांतर ही आपल्या देशातली सर्वांत जुनी ग्रंथालयपद्धती आहे, याचा विसर पडला होता. शिवाय या प्रकरणात एकही कुलूप फोडले गेले नाही. विचारले, आणि सांगितले गेले. आज फोनवरून एकवार चालणारा क्रमांक विचारून जी फसवणूक होते, तिची रीत हीच आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने ऑगस्ट २००९ पासून कार्डाने ऑनलाइन पैसे देताना ओळखीचा आणखी एक टप्पा सक्तीचा झाला, आणि पुढे सर्वांच्या परिचयाचा झालेला हा ओटीपी म्हणजे मूळ परवलच होय: एका रात्रीची नव्हे, काही मिनिटांची. तिचा नियमही तोच. पहारेकऱ्याने परवल विचारावी. पण अंधारातून कोणी आपल्यालाच विचारले, तर सांगू नये.

मग शब्द ठेवावेत कुठे? दीर्घकाळ असे शिकवले गेले, की शब्दात अंक, चिन्ह, मोठे अक्षर असावे आणि तो दर तीन महिन्यांनी बदलावा. अमेरिकी मानकसंस्थेचे २००३ मधले हे मार्गदर्शन बिल बर नावाच्या गृहस्थांनी लिहिले होते. २०१७ मध्ये त्या संस्थेने ते बदलले आणि बर यांनीही आपल्या जुन्या सल्ल्याविषयी खेद व्यक्त केला. कारण सक्तीने बदलायला लावले, की माणूस ‘गणेश@१’चा ‘गणेश@२’ करतो. लांब आणि आठवणारा शब्दसमूह आखूड आणि विचित्र शब्दापेक्षा बळकट असतो. आपल्यासारख्या वाङ्मयाच्या माणसांना इथे एक मोह होतो: आवडत्या अभंगाचा चरण घ्यावा. तो टाळावा. जे सर्वांना पाठ आहे, ते चोरालाही पाठ असते. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द, शब्दकोश कुठेही उघडून काढलेले, हे अधिक बरे. मोल्सवर्थचा असाही उपयोग व्हावा.

पण असे पन्नास समूह कोणी पाठ करणार नाही. म्हणून लेखन आले. सुरक्षाशास्त्रज्ञ ब्रूस श्नायर यांनी २००५ मध्ये स्पष्टपणे सांगितले, की सोपा शब्द लक्षात ठेवण्यापेक्षा अवघड शब्द कागदावर लिहून तो पैशांच्या पाकिटाइतका जपावा. म्हणजे त्या डायरीचा अपराध वाटतो तितका मोठा नाही. परदेशातला चोर तुमच्या सदाशिव पेठेतल्या कपाटात हात घालू शकत नाही. तिची भये निराळी आहेत: घरात येणारा-जाणारा, आग, पूर, आणि रद्दीवाला. दुसरी पद्धत संगणकीय तिजोरीची. १९९७ चा श्नायर यांचाच ‘पासवर्ड सेफ’, २००३ मधला ‘कीपास’ आणि नंतरचे अनेक. सर्व शब्द एका कूटबद्ध पेटीत ठेवायचे आणि पेटीचा एकच शब्द लक्षात ठेवायचा. २०२२ मध्ये ‘लास्टपास’ या कंपनीकडून ग्राहकांच्या अशा पेट्याच चोरीला गेल्या. ज्यांचा मुख्य शब्द भक्कम होता त्यांची पेटी बंद राहण्याची आशा होती, दुबळा शब्द असणाऱ्यांना झोप लागली नाही. तिसरी पद्धत २०२२ पासून पसरू लागलेल्या ‘पासकी’ची. तीत शब्दच नाही. फोनमध्ये एक गुप्त मुद्रा असते, तिने उमटवलेला ठसा समोर जातो, मुद्रा जागची हलत नाही. आपण फिरून शिक्कामोर्तबापाशी आलो.

या सर्व पद्धती पहिल्या भयाची उत्तरे आहेत. दुसऱ्याचे काय? पैशापुरते कायद्याने उत्तर दिले आहे. बँकेत नामनिर्देशन असते. २०२५ च्या बँकिंग कायदा दुरुस्तीने, १ नोव्हेंबर २०२५ पासून, चार जणांपर्यंत नावे देण्याची सोय झाली. मृताच्या शब्दाने त्याचे खाते चालवण्याची गरज नाही आणि ते योग्यही नाही. ठेवी, समभाग, विमा कुठे आहेत याची यादी घरात असली आणि नामनिर्देशन केलेले असले, की पुरे. पण पत्रांना नामनिर्देशन कुठले?

जी. ए. कुलकर्णी १९८७ च्या डिसेंबरात पुण्यात गेले. त्यांनी लिहिलेली पत्रे ज्यांना आली त्यांनी ती जपली, म्हणून त्या पत्रांचे खंड आपल्या हाती आहेत आणि त्यांच्या कथेकडे पाहण्याची आपली दृष्टी त्यांनी बदलली. कोणाच्या परवानगीचा तांत्रिक प्रश्न आला नाही. कागद खोक्यात होते, खोके उघडले. आज मराठीत लिहिणारा लेखक आपला पत्रव्यवहार, टिपणे, अर्धी कादंबरी, संपादकाशी झालेला वाद हे सारे एका टपालपेटीत ठेवतो. तो गेल्यावर ती पेटी मोडीतल्या कागदासारखीही राहत नाही. मोडी शिकता येते. सकळ लिपी राजवाड्यांनी उलगडली. आजचे कूट उलगडणारा राजवाडे जन्माला येणे गणिताला मान्य नाही. आणि वाट पाहण्यालाही अर्थ नाही, कारण न वापरलेले खाते कंपनी काही काळाने पुसून टाकते, आणि कधी दुकानच बंद करते. २००९ मध्ये ‘जिओसिटीज’ मिटले, २०१४ मध्ये ‘ऑर्कुट’. वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला गेलेल्या दप्तरांबद्दल आपण हळहळतो. त्यातली निदान एखादी पुडी कोणीतरी उलगडून वाचू शकत होते.

सोयी अगदीच नाहीत असे नाही. गूगलने २०१३ पासून, ॲपलने २०२१ च्या अखेरीपासून, आपल्या पश्चात खात्यातला मजकूर कोणाला मिळावा हे नोंदवण्याची व्यवस्था केली आहे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नेमण्याचा अधिकार मांडलेला आहे. पण या सोयी कोणीतरी जिवंतपणी वापराव्या लागतात. महानुभावांच्या गुरूला हे सांगावे लागले नाही. शिष्य निवडणे हे त्याच्या धर्माचेच अंग होते.

म्हणून आपल्या क्षेत्रापुरती एक साधी रीत पडावी असे वाटते. ज्यांच्यापाशी वाङ्मयीन पत्रव्यवहार किंवा अप्रकाशित लेखन आहे, त्यांनी आपल्या तिजोरीचा मुख्य शब्द कागदावर लिहावा आणि तो कागद दोन भागांत वाटावा: अर्धा घरच्या माणसापाशी, अर्धा विश्वासातल्या एखाद्या सहकाऱ्यापाशी. शब्द इतका लांब असावा, की एकट्या अर्ध्यावरून दुसऱ्याचा अंदाज लागू नये. दोघे एकत्र आल्याखेरीज दार उघडणार नाही, आणि त्यांतला कोणी एक आधीच गेला तर धनी जिवंत असतानाच दुसरा नेमता येईल. शब्द बदलला की कागदही बदलावा. जे कोणीच वाचू नये असे वाटते, ते स्वतःच पुसून टाकावे. तोही लेखकाचा अधिकार आहे, आणि तो विस्मरणावर सोपवण्याचे कारण नाही. वाङ्मयीन संस्थांनी हस्तलिखिते स्वीकारताना लेखकाच्या डिजिटल दप्तराचीही विचारणा करावी. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळवली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, ते घरोघरीचे कागद जतन व्हावेत म्हणून. त्या कामाची पुढची पायरी हीच आहे. फरक इतकाच, की जुने दप्तर मालक गेल्यानंतरही मागता येत होते. नवे मागायचे, तर मालक जिवंत असतानाच मागावे लागेल.